पर्सपायी गेलेली भांडी

स्टाफरूममध्ये किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. मधल्या सुट्टीत डबे उघडले की एक निघतो, तो संपायच्या आत घंटा होते, उरलेला उद्यावर जातो आणि उद्या त्याला आणखी दोन चिकटलेले असतात. आमच्याकडे तर किस्स्यांबरोबर पर्सासुद्धा साठत गेल्या! साताऱ्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत, नव्वदनंतरच्या त्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. स्टाफरूमच्या हिरव्या कपाटाचा खालचा खण तपासलेल्या पेपरांचा होता. हळूहळू पेपर कपाटाच्या डोक्यावर गेले आणि खणात पर्सा आल्या. कुणी विचारलं तर आम्ही ‘प्रदर्शनाचं सामान आहे’ म्हणून सांगायचो. कसलं प्रदर्शन, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आम्ही तिघी होतो. मी गणिताची. दुसऱ्या इंग्रजीच्या कांबळे बाई, ज्यांच्याकडे सुटे मागायची एसटीच्या कंडक्टरचीही हिंमत होत नसे. तिसऱ्या मराठीच्या चौगुले बाई, सांगलीकडच्या. त्या इतक्या मऊ स्वभावाच्या, की एखादी मुलगी नापास झाली तर तिच्या आधी याच डोळे पुसायच्या. सगळं सुरू झालं ते चौगुले बाईंमुळे. खरं तर त्यांच्या मिस्टरांमुळे.

* * *

चौगुले बाईंची एक पर्स होती. बदामी रेक्झिनची, झाकण कासवाच्या पाठीसारखं फुगीर, त्यावर दाबलेल्या चौकटी आणि पुढे पितळेचं इवलंसं डोकं. ते डोकं खाली दाबलं की ‘टक’ असा आवाज होऊन पर्स उघडायची. बाईंना नोकरी लागली तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, सांगलीच्या बाजारातून ती आणून दिली होती. धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून अक्कांची शाळा चौथीत सुटली होती. पुढे त्यांनी घरोघर म्हशीचं दूध घालून या धाकटीला डी.एड. केलं. पर्स हातात देताना त्या म्हणाल्या होत्या, “आता पिशवी न्यायची न्हाई. मास्तरणीनं पर्स न्यायची.”

ती पर्स बाईंनी बारा-तेरा वर्षं वापरली. एकदा पेन गळून झाकणावर शाईचा डाग पडला, तरी वापरली. पट्टा तुटल्यावर मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली.

एका दिवाळीत बाई शाळेत आणि मिस्टर घरी साफसफाईला. दारात द्वारकामावशी बोहारीण आली. मिस्टरांनी दोन जुन्या पँटी पुढे टाकून स्टीलचा डबा ठरवला. वर एक चहाची गाळणी मागितली. मावशी गाळणी द्यायला तयार होईना, म्हणून त्यांनी कपाटात हात घातला आणि हाताला लागलं ते गाठोडं तिच्या टोपलीत टाकलं. संध्याकाळी बाई घरी आल्यावर ते अभिमानानं म्हणाले, “बघ, तुझी तुटकी पर्स दिली आणि नवीकोरी गाळणी मिळवली!”

चौगुले बाई त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी तोंड उघडलं ते थेट रडण्यासाठीच. अक्कांचं दर महिन्याला कार्ड यायचं, आणि म्हशीची, पिकाची, भाच्यांची खबरबात देऊन झाली की शेवटची ओळ ठरलेली असायची, “पर्स बरी हाय का?” घरातल्या एखाद्या लेकराची चौकशी करावी तशी. आता या ओळीला काय उत्तर द्यायचं?

कांबळे बाई म्हणाल्या, “‘बरी आहे’ असं लिहा. तोवर शोधून काढू.”

बाईंनी तसं लिहिलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसानं खोटं लिहिलं की जे होतं तेच झालं. पत्रात आठ ओळी नुसत्या पर्सच्या तब्येतीच्याच होत्या.

* * *

द्वारकामावशीला गाठलं तेव्हा पर्स केव्हाच पुढे गेली होती. तिचा जुना माल सांगलीच्या एका व्यापाऱ्याकडे जायचा आणि तिथून पुढे बाजारोबाजारी. तशीच दुसरी बाजारात नवी मिळण्याची सोय नव्हती. मुंबईच्या ज्या कारखान्यात हा छाप निघायचा तो कधीच बंद पडला होता. म्हणजे जुन्या मालातून निघेल तीच खरी. मावशी म्हणाली, बघते.

पंधरा दिवसांनी ती एक पर्स घेऊन शाळेच्या फाटकाशी आली. आत त्याच कारखान्याचा लंबगोल शिक्का होता, पण छाप वेगळा. हे कासव नव्हतं, चौकोनी डबा होता. तरी तो दिसायला असा काही देखणा होता की परत द्यायला माझाच हात होईना. मी पैसे काढले. मावशीनं हात मागे घेतला.

“पैशाचं मला कळत न्हाई बाई. भांड्याचं कळतं. येक पातेलं द्या.”

झालं! जन्मभर जिनं कपडे घेऊन भांडी दिली, तिला आम्ही भांडी देऊन जुन्या पर्सा घ्यायला लागलो. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. मावशी तर म्हणायची, “तुमच्या गल्लीतनं जाताना माझी टोपली हलकी व्हायची सोडून जड हुती.” माझ्या घरातली तीन पातेली, दोन झारे आणि पुरणयंत्र असंच गेलं. पुरणपोळी सणालाच लागते, पर्स रोज लागते, असा हिशेब मी सासूबाईंना समजावून सांगितला. मी गणिताची असल्यामुळे त्या गप्प बसल्या.

* * *

कासव सोडून बाकी सगळे छाप मिळत गेले. आम्ही त्यांना नावं ठेवली. लांब पट्ट्याचा तो ‘पोस्टमन’. ज्यात वह्या, डबा, छत्री आणि अर्धा किलो शेंगा मावायच्या तो ‘गावजेवण’. एकीचं तोंड एकदा उघडलं की मिटता मिटायचं नाही, ती ‘हेडबाई’. हेडबाई समोर असल्या की तिला आम्ही ‘नंबर चार’ म्हणायचो.

लोक विचारायचे, या जुन्या पर्सांत एवढं आहे काय? मला कधी नीट सांगता आलं नाही. पण पर्स आणून पहिल्यांदा उघडायची वेळ आली की आम्ही तिघी स्टाफरूमचं दार लोटून घ्यायचो. आतल्या कप्प्यात काय निघेल सांगता यायचं नाही. एकीत वाईच्या एसटीचं तिकीट निघालं. एकीत वेलदोडा. एकीत घडी घालून ठेवलेली चिठ्ठी, तिच्यावर ‘सुतळी, हिंग, बाळाचं औषध, स्वतःला बांगड्या’ असं लिहिलेलं, आणि ‘स्वतःला बांगड्या’ खोडलेलं. ती चिठ्ठी आम्हा तिघींच्या हातांतून दोनदा फिरली. मग कांबळे बाईंनी बाजारातून डझनभर काचेच्या बांगड्या आणल्या आणि आम्ही चार-चार वाटून घेतल्या. त्या कोण, कुठल्या बाई, त्यांचं राहिलेलं आम्ही घातलं, असं मला वाटलं आणि फार बरं वाटलं.

* * *

चौगुले बाई जैन. चामड्याच्या वस्तूला त्या हात लावत नसत. त्यामुळे प्रत्येक पर्स आधी त्यांच्या नाकाशी जायची. एक वास घेतला की त्या डोळे मिटून सांगायच्या, रेक्झिन. कधी चुकल्या नाहीत. पण सवय वाईट असते.

एकदा त्या आणि मी सांगलीहून एसटीनं येत होतो. बाईंच्या शेजारी खिडकीला एक प्रौढ बाई झोपी गेल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर पर्स होती, झाकणाला फुगा असलेली. कासवच की काय! बाई हळूच वाकल्या. आणखी वाकल्या. नाक पर्सला टेकलं आणि त्याच वेळी खड्डा आला. त्या प्रौढ बाईंनी डोळे उघडले, तर आपल्या मांडीवर एक अनोळखी डोकं! चौगुले बाईंनी कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, “चक्कर आली.” त्या बिचाऱ्यांनी पाणी पाजलं, आवळासुपारी दिली आणि कराड येईपर्यंत पदरानं वारा घातला. पर्स कासव नव्हती, साधीच होती.

आठवड्यानं शाळेची तपासणी आली. दारातून आधी एक पर्स आत आली आणि तिच्यामागून तपासणीच्या बाई. चौगुले बाईंनी चेहरा ओळखला नाही, पर्स ओळखली. त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, त्या तास संपेपर्यंत. तपासणीच्या बाईंनी पाठ छान घेतल्याचा शेरा दिला. जाताना मात्र त्यांनी आपली पर्स टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, “आता बरं वाटतंय ना? का परत वास हवा?”

* * *

पाचगणीला एका निवासी शाळेत पालकांच्या जुन्या वस्तूंची विक्री असते, असं कळलं. मोठ्या घरच्या बायका तिथे एकेकदा वापरलेल्या वस्तू देऊन टाकतात, म्हणून आम्ही रविवारी सकाळची गाडी पकडली. कांबळे बाईंनी वाटेतच बजावलं, की भाव करताना मध्ये बोलायचं नाही आणि आवडलं तरी चेहरा पाडायचा.

टेबलावर पर्सांचा ढीग होता. चेहरा कसला पाडताय! मी दोन्ही हात मोकळे करायला माझी स्वतःची पर्स टेबलावर ठेवली आणि ढिगात शिरले. कासव नव्हतंच. मान वर केली तर माझी पर्स गायब. विकणारी मुलगी आनंदानं म्हणाली की ती तर लगेच गेली, एका मॅडमना फार आवडली.

पर्समध्ये घराच्या किल्ल्या, नववीच्या गुणांची यादी आणि डब्यातला चमचा होता. आम्ही तिघी त्या मॅडमच्या मागे गाडीपर्यंत पळालो. त्यांनी किल्ल्या, यादी आणि चमचा दिला. पर्स द्यायला मात्र तयार होईनात. मी विकत घेतली आहे, आणि असलं डिझाइन आता मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. यावर आम्ही तरी काय बोलणार? आम्हीही आयुष्यात हेच बोलत होतो. मी माझं सामान स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या खोक्यात घालून घरी आणलं.

कांबळे बाईंनी तेवढ्यात त्या मॅडमकडून त्यांची जुनी पर्स मागून घेतली होती, बदल्यात म्हणून. तो ‘गावजेवण’चा दुसरा नग निघाला. माझी पर्स गेली आणि त्यांच्याकडे भर पडली, हा न्याय मला अजून समजलेला नाही.

* * *

खरं कासव आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते विट्याला, कांबळे बाईंच्या शेजाऱ्यांच्या लग्नात. नवऱ्यामुलाचे वडील दूर दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान चालवणारे. मांडवात सगळीकडे सोनं चमकत होतं आणि आम्ही तिघी बघत होतो ते नवऱ्यामुलाच्या आजीच्या हाताकडे. कासव! पट्ट्यासकट, डोक्यासकट. आजी त्यात कवळी ठेवायच्या.

अक्षता पडल्या त्या कुणाच्या डोक्यावर, आम्हाला ठाऊक नाही. पंगत उठल्यावर कांबळे बाईंनी आजींपुढे बसकण मारली आणि चौगुले बाईंची सगळी हकिकत सांगितली. आजींनी शांतपणे ऐकली. त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. मग त्यांनी कासव उघडलं, ‘टक’, कवळी घातली आणि म्हणाल्या, “माझ्या मालकानं दिल्याली हाय. मी गेल्यावर न्या. पत्ता द्या.”

आम्ही पत्ता दिला. आजींनी खरोखर आठवण ठेवली. त्या दिवाळीला विट्याहून कार्ड आलं. पुढच्या दिवाळीलाही आलं. दोन्हींवर मजकूर तोच, दोन शब्दांचा, “अजून हाय.”

* * *

अडीच वर्षं अशी गेली. अक्कांची कार्डं येत राहिली, ‘पर्स बरी हाय का?’, आणि चौगुले बाईंची उत्तरं लांबत गेली. पावसाळ्यात पर्सला बुरशी येऊ नये म्हणून काय केलं, ऊन कसं दाखवलं, सगळं सविस्तर. न दिसणाऱ्या वस्तूवर इतकं चांगलं गद्य मी तरी वाचलेलं नाही.

आणि मग बाईंच्या लेकीचा साखरपुडा ठरला. अक्कांचं कार्ड आलं, “चार दिवस आधी येते. पर्स बघीन म्हणते.”

बाईंनी ते कार्ड स्टाफरूमच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, “त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी एक पदर नवा घेतला नाही हो. आणि मी त्यांची पर्स गाळणीवर घालवली. हे मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?” त्यांचा आवाज ऐकून मलाही भरून आलं. कांबळे बाई उठून थेट द्वारकामावशीच्या वस्तीवर गेल्या.

अक्का यायच्या आदल्या दिवशी दुपारी मावशी चौगुले बाईंच्या दारात हजर झाली. आम्ही दोघीही तिथेच होतो. टोपली खाली ठेवली. वरचं धोतर बाजूला केलं. बदामी, फुगीर, पितळेच्या डोक्याचं, पट्टा तुटलेलं कासव! कुठल्या बाजारातून कुठल्या बाजारात फिरून आलं होतं देव जाणे. चौगुले बाईंनी वास घेतला नाही, सरळ छातीशी धरलं.

मावशी या वेळी पातेल्याला तयार नव्हती. तिची लेक लग्नाची होती. तिनं उघड्या दारातून आत पाहिलं आणि न्हाणीघरातल्या तांब्याच्या घंगाळाकडे बोट दाखवलं. बाईंच्या लग्नात माहेरून आलेलं, दोन माणसांनी उचलायचं घंगाळ. मिस्टर काही बोलणार होते, पण बाईंनी नुसतं भिंतीवर लटकलेल्या गाळणीकडे पाहिलं. मिस्टरांनी निमूटपणे घंगाळाची एक कडी धरली.

मावशी गेल्यावर लक्षात आलं, या कासवावर शाईचा डाग नाही. डाग उजवीकडे होता की डावीकडे यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी कांबळे बाईंनी आपलं पेन उघडलं आणि डाव्या चौकटीवर बेताचा एक ठिपका सोडला. इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाचा हात तो, अगदी खरा वाटत होता.

* * *

सकाळच्या गाडीनं अक्का आल्या. उंच, काटक, नऊवारीतल्या, हातात कापडी पिशवी. आम्ही दोघी ‘सहज’ आलो होतो. पाणी झालं, चहा झाला. अक्का म्हणाल्या, “शके, पर्स आण.”

चौगुले बाईंनी कासव दोन्ही हातांनी आणून पुढे ठेवलं. अक्कांनी डोकं दाबलं. ‘टक.’ आत पाहिलं, मिटलं. झाकणावरून हात फिरवला आणि डागावर बोट ठेवलं. बोट उचललं तर ते निळं झालं होतं. त्यांनी ते बोट आधी बहिणीला दाखवलं, मग आम्हा दोघींना.

“इतक्या वर्सांची शाई, अजून वाळली न्हाई व्हय गं?”

अक्कांनी आपली कापडी पिशवी पुढे ओढली आणि आतून एक फडकं काढून सोडलं. आत दुसरं कासव. पट्टा तुटलेलं, आणि डाग उजवीकडे.

“दोन वर्सांपूर्वी सांगलीच्या बाजारात, येका बोहारणीच्या ढिगात दिसली. म्हटलं ही तर आमच्या शकीची. घरातली परात दिऊन घेतली.”

“दोन वर्षं?” चौगुले बाई म्हणाल्या. “मग अक्का, दर पत्रात विचारत का होतीस?”

“तू लिवत हुतीस ते वाचाय लय ग्वाड लागायचं गं,” अक्का म्हणाल्या. “शेजारणीलाबी वाचून दावायची. म्हटलं, बघा, माझी भन किती झ्याक लिवती.”

मग चौगुले बाई रडल्या आणि हसल्या, दोन्ही एकदम. अक्कांनी बहिणीला जवळ घेतलं. कांबळे बाई चष्मा पुसत राहिल्या, आणि मिस्टर गाळणी घेऊन दुसऱ्यांदा चहा करायला गेले. टेबलावर दोन्ही कासवं शेजारी शेजारी होती. इतका आनंद मी त्या घरात पुढे लेकीच्या साखरपुड्यालाही पाहिला नाही.

चहा झाल्यावर अक्का उठल्या, पदर खोचला, लुगडं खांद्यावर टाकलं आणि आंघोळीला न्हाणीघरात गेल्या. आतून दोन-तीनदा बादली सरकल्याचा आवाज आला. मग त्यांची हाक आली.

“शके, मी दिल्यालं घंगाळ कुठं ठिवलंयस गं?”

चौगुले बाईंनी आमच्याकडे पाहिलं. कांबळे बाईंनी टेबलावरचं ओल्या डागाचं कासव उचललं आणि द्वारकामावशीच्या वस्तीवर जायला चपला घातल्या.